पोटखराबा

वाघजाईच्या देवळाच्या भिंतीत काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली आहे. वर ‘जीर्णोद्धार देणगीदार’, खाली भावकीवार नावं, आणि सगळ्यात शेवटी ‘माहेरवाशिणी’ असा वेगळा रकाना. त्यात चौथ्या ओळीत मी आहे. पाच हजार एक रुपये. चार वर्षांपूर्वी गावाहून फोन आला, मी साताऱ्यात बसल्या बसल्या पैसे पाठवले, स्क्रीनशॉट टाकला आणि विसरून गेले. त्या पैशांचं काय झालं ते या जानेवारीत पहिल्यांदा चालत जाऊन पाहिलं. ते पेव्हर ब्लॉक होऊन एका जुन्या हिरड्याच्या मुळांवर बसले होते.

गाव पाटण तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे सांगते. मुलांना सुट्टी होती, थंडी चांगली पडली होती, आणि मुलगी सहावीत गेली तरी तिनं आजोळची राई, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान, आतून पाहिलेली नव्हती. म्हणून आम्ही दोघं, दोन मुलं, आई आणि चुलते अण्णा असे सकाळी साडेसातला निघालो. ओढ्याच्या कडेनं वाट आहे. उसाच्या सरीतून धुकं उठत होतं, मुलाच्या कानटोपीवर दव साचलं होतं. पाऊण तासानं ऊस संपतो आणि समोर एकदम काळपट हिरवी भिंत उभी राहते. तीन-साडेतीन एकरांची असेल. आत शिरल्यावर थंडी कमी झाली, हे मुलानं आधी ओळखलं आणि टोपी काढून खिशात घातली. बाहेर दव पडत होतं, आत ते वरच्या वर झाडांनीच झेललं होतं.

आत जांभूळ, आंबा, बेहडा, किंजळ, उंबर. आणि या सगळ्यांना गुंडाळत, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली गारंबी. तिचा वेल माझ्या मांडीएवढा जाड. हातभर लांब शेंगा लोंबत होत्या, त्यातल्या एका वाळक्या शेंगेचा मुलांनी लगेच खुळखुळा केला. आणि वाटेत आडवा पडलेला एक प्रचंड बुंधा. कशाचा ते अण्णांनाही आता सांगता येईना, साल उरली नव्हती. ‘माझ्या लगनाच्या आदीपास्नं हितंच हाय,’ एवढंच ते म्हणाले.

मुलगी त्याच्यापाशी बराच वेळ बसली. बुंध्याच्या एका अंगाला शेंदरी रंगाची, कानाच्या पाळीसारखी बुरशी ओळीनं आलेली. फटीत गुंडाळी करून बसलेला वाणी किडा. वरच्या बाजूला मातीच धरली होती आणि त्या मातीत वीतभर उंचीची चार रोपं उभी होती, त्यातलं एक जांभळाचं. तिनं लाकडात अंगठा दाबला तर तो आत गेला आणि ओला होऊन बाहेर आला. परतीचा पाऊस जाऊन तीन महिने होत आले होते. तिनं विचारलं, ‘हे कुणी उचलून का नेत नाही?’

अण्णा म्हणाले, ‘देवीचं लाकूड घरात आनलं तर म्हस आटती.’

मुलगी हसली. मला नाही हसू आलं. ज्या धाकामुळे हे लाकूड तिथं कुजत पडलं, त्याच धाकामुळे ही राई राई राहिली. जंगल जुनं आहे याची खूण उंच झाडं नव्हे. उंच झाडं बागेतही असतात. पडलेलं, पोकळ झालेलं, कुजणारं झाड जिथल्या तिथं राहू दिलेलं असतं, तिथं रान जुनं असतं. राखी धनेशाची मादी घरटं करते ते जुन्या झाडाच्या ढोलीत. ती स्वतःला आत लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून उंबराची फळं भरवतो. ढोली नसेल तर धनेश नाही. आणि ढोलीचं झाड म्हणजे आपल्या भाषेत ‘धोकादायक झाड’. काजव्यांच्या अळ्या ओल्या पाचोळ्यात वाढतात. पाचोळा म्हणजे आपल्या भाषेत कचरा. ही भाषा घेऊन आपण राईत शिरतो आणि तिची साफसफाई करतो. माझं म्हणणं एवढंच आहे: देवळासाठी जो काही सरकारी निधी आणि वर्गणी येते, तिच्यातली एक वीटही झाडांच्या रेषेच्या आत जाता कामा नये. बाहेर काय बांधायचं ते बांधा.

बुंध्यापासून पन्नास पावलांवर देऊळ. माझ्या लहानपणी चार दगडी खांब, वर कौलं, पुढे मातीचं अंगण. आता सभामंडप आहे, चाळीस बाय तीसचा, वर निळा पत्रा. त्यासाठी तीन झाडं गेली. देवीला कौल लावला होता म्हणे आणि तो उजवा पडला. (कौल लावणारे आणि काम घेणारे एकमेकांचे कोण लागतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी त्यात पडत नाही.) मंडपाभोवती चहूबाजूंनी लाल-करडे पेव्हर ब्लॉक. कडेच्या झाडांना सिमेंटचे गोल पार बांधून त्यांना तांबडा-पांढरा रंग. कोपऱ्यात हायमास्ट. आणि एक बाई खराटा घेऊन पाचोळा गोळा करून पेटवत होती, कारण तिला त्याचा पगार आहे.

हिरडा मी ओळखला. आम्ही पोरी त्याच्याखाली बसून हिरडे फोडायचो. त्याच्या बुंध्याला ब्लॉक इतके टेकलेत की मधे बोट जात नाही. एका बाजूच्या फांद्या वाळल्यात. ब्लॉकमुळेच वाळल्या असं मी छातीठोक म्हणणार नाही, झाड म्हातारंही आहे. पण झाडाची अन्न ओढणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि त्यांना हवा लागते, पाणी लागतं. ब्लॉक बसवायच्या आधी जमीन धुमसून घट्ट करतात, खाली कच पसरतात. दिल्लीतल्या झाडांच्या संदर्भात राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते याच कारणासाठी. दिल्लीच्या फुटपाथवरच्या झाडाला जे मिळालं ते वाघजाईच्या हिरड्याला मिळालेलं नाही.

सपाटीवरच्या या तुकड्यासाठी इतका जीव का टाकायचा, सह्याद्रीत जंगल काय कमी आहे, असं कुणी म्हणेल. आहे ना. कोयना अभयारण्य आहे, चांदोली आहे, दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, क्षेत्र हजार चौरस किलोमीटरच्या वर. २०१२ मध्ये कोयना, चांदोली आणि कास जागतिक वारशाच्या यादीत गेले. अभिमानच आहे. पण नकाशा नीट पाहा. हे बहुतेक सगळं रान माथ्यावर आणि उतारावर आहे. खोऱ्याच्या तळाला, जिथं गाळाची खोल माती असते, ओढा बारमाही असतो आणि झाडं खरी आडवी-उभी वाढतात, तिथलं रान गेलं कुठं? कोयनेचा तळ शिवसागराच्या १०५ टीएमसी पाण्याखाली गेला. वारणेचा तळ चांदोलीच्या वसंतसागराखाली गेला. धरणाच्या खालची कृष्णा-कोयना-वारणेची सपाटी कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत उसाखाली आहे. धरण नको होतं असं मी म्हणत नाही, माझ्या सासरचा ऊस त्याच पाण्यावर आहे. पण खोऱ्यातलं जुनं रान उरलं असेल तर ते देवाच्या नावानं उरलेल्या दोन-चार एकरांतच. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिलं होतं की आजूबाजूचं रान गेल्यावरही मूळचं रान कसं होतं ते या राया सांगतात. म्हणजे हा नमुना आहे. नमुन्यावर फरशी बसवत नाहीत.

हे होतं कसं, तेही सांगते, कारण यात कुणी दुष्ट नाही. मंदिर ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्र झालं की जिल्हा वार्षिक योजनेतून पैसे येतात. नाही झालं तरी ग्रामविकास खात्याच्या ‘२५१५’ या लेखाशीर्षातून येतात, आमदारांच्या शिफारशीनं. हे पैसे मार्चअखेर खर्ची पडावे लागतात. अंदाजपत्रकात बसतं ते काय? सभामंडप, पेव्हर ब्लॉक, संरक्षक भिंत, स्वच्छतागृह, हायमास्ट. ‘पडलेलं झाड पडू देणे’ हे काम कुठल्याच अंदाजपत्रकात बसत नाही. ‘पाचोळा न झाडणे’ याचं मोजमाप पुस्तकात कसं लिहायचं? भूमिपूजनाला नारळ कशावर फोडायचा? काहीच न करण्याला लेखाशीर्ष नाही. त्यामुळे गावात पैसा आला की काही तरी करावंच लागतं.

आणि महसुली दप्तरानं तर या जागेला आधीच निकालात काढलेलं आहे. राईचा सातबारा अण्णांनी काढून ठेवलाय. त्यावर झाडांचा, ओढ्याचा, देवीचा उल्लेख नाही. पोटखराबा, एवढंच. लागवडीस अयोग्य. गुंठाभर जागेत उंबर, बेहडा, गारंबी आणि खाली शंभर रोपं ज्या मातीत एकावर एक उभी आहेत, ती जमीन लागवडीस अयोग्य! शेजारच्या उसाला दर वर्षी खताच्या गोण्या लागतात, ती मात्र लायक.

झाडं गेली तर दुसरी लावू, हे उत्तर मी गावात तीनदा ऐकलं. मंडपासाठी गेलेल्या तिनांच्या बदल्यात तीस लावलीत म्हणे. पाहिली. गुलमोहर, सोनमोहर आणि अशोक. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम काढला होता. तेव्हापासून आकड्याचं हे वेड आपल्या अंगात मुरलं आहे. झाडं लावण्याला माझा विरोध नाही. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर हे उघड्या बोडक्या डोंगरावर माणसांनी उभं केलेलं अभयारण्य आहे, धों. म. मोहित्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, तिथं आज हरणं फिरतात. ज्यांना वाटतं की माणसाला काही चांगलं करता येत नाही, त्यांनी तिथं एकदा जाऊन यावं. पण सागरेश्वर हे बोडक्या डोंगराला दिलेलं उत्तर आहे. उभ्या राईला तोडण्याची सबब म्हणून ते वापरता येणार नाही. लावलेल्या झाडाला ढोली यायला किती पिढ्या लागतील? गारंबीला चढायला झाड कधी तयार होईल? आणि त्या बुंध्यावरच्या जांभळाला कुजलेला बुंधा लागतो, तो कुठल्या रोपवाटिकेत मिळतो?

एका झाडासाठी मात्र आपण भांडतो, हे खरं. जावळीतल्या वडाच्या म्हसव्याचा वड १८८२ साली मोजला तेव्हा त्याचा घेर १,५८७ फूट भरला होता, तो आकडा आजही लोक कौतुकानं सांगतात. गावाचं नावच वडावरून पडलं. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड महामार्गात जाणार म्हटल्यावर २०२० साली केवढा आवाज उठला, आणि रस्त्याची आखणी बदलावी लागली. वड दिसतो, फोटोत येतो, त्याला मिठी मारता येते. राईला कुठून मिठी मारणार? तिच्यातलं एकेक झाड पाहिलं तर सामान्यच आहे. तिन्ही झाडं तोडली तेव्हा कुणी रडलं नाही, मीही नाही. मला कळलंसुद्धा नव्हतं.

आता आईचं म्हणणं. ते मी टाळणार नव्हते, पण लिहिताना शेवटी ठेवत आले. आई अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघ्याचं दुखणं आहे. वाटेत मुळं, ओला पाचोळा, दोनदा तिचा तोल गेला. ब्लॉकवर पाय ठेवल्याबरोबर ती म्हणाली, ‘ही फरशी बरी बाई. मागं शिमग्याला शेवंता हितंच पडली, खुबा मोडला तिचा.’ मंडपात पंखा आहे, नळ आहे. पूर्वी नवरात्रात बायकांना आडोसा नव्हता, आता आहे. गावात मंगल कार्यालय नाही, गरिबाच्या पोरीचं लग्न या मंडपात फुकटात होतं. माहेरवाशिणीनं साताऱ्यातून वर्षातनं एकदा यायचं, कुजलेल्या लाकडाचे फोटो काढायचे आणि गावाला शहाणपण शिकवायचं, हे आईनं तोंडावर म्हटलं नाही. पण तिचा चेहरा म्हणत होता. देव गावाचा आहे. त्याची सेवा कशी करायची ते गावानं ठरवायचं.

हे सगळं मला मान्य आहे, आणि तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. स्वच्छतागृह हवंच, पण ते रानाबाहेर, जिथं ऊस संपतो तिथं बांधता येतं. तिथं गायरानाचा तुकडा आहे. लग्नाचा मंडप तर गावठाणातच हवा. नवरीला पाऊण तास चालवून आणण्यात कुणाची सोय आहे? देवळापर्यंत एक वाट हवी, दगडाची, चुना-सिमेंट न भरता बसवलेली, आईला धरायला एका बाजूनं कठडा असलेली. आपल्या जुन्या घाटवाटा अशाच बांधलेल्या आहेत, फटीतून पाणी जातं आणि पाय घसरत नाही. झाडलोट देवळाच्या पायरीपुरती. हायमास्ट काढून समईएवढा दिवा. आणि ढोलीच्या झाडाची भीती वाटत असेल तर झाड पाडण्यापेक्षा वाट दोन हात बाजूनं न्यावी. यानं खर्च वाढत नाही, उलट कमी होतो. अडचण तीच आहे, कमी खर्चाचं काम कुणालाच नको असतं.

वन खात्याच्या ताब्यात द्या, हा सल्ला शहरातले मित्र देतात. तो मला पटत नाही. ज्या दिवशी राईला तार लागली आणि पहारेकरी बसला, त्या दिवशी अण्णांच्या म्हशीचं दूध आटायचं भय संपलं. मग ते लाकूड सरकारी होतं, आणि सरकारी लाकूड नेण्यात कुणाला पाप वाटत नाही. कायद्याचा उपयोग आहे, पण तो गावाच्या हातात राहील असा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती असावी लागते, लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. आमच्याकडे ती कपाटात आहे. तिच्यात राईचं पान भरलं, हद्द मोजून खुणा केल्या, आणि ‘या रेषेच्या आत कायमचं बांधकाम नाही’ असा ग्रामसभेचा ठराव करून तो सातबाऱ्यावर ‘इतर हक्का’त चढवण्याची मागणी केली, तर पुढच्या वर्षी निधी घेऊन येणाऱ्याला निदान तो कागद ओलांडून जावं लागेल. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या प्रकरणात, त्यांची मोजणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं आणि देशभरातल्या देवरायांसाठी केंद्रानं धोरण करावं असंही सुचवलं. ते धोरण येईपर्यंत आपल्या दोन-चार एकरांत किती मंडप उभे राहिलेले असतील, हा प्रश्न आहे.

गावाचं नाव का लिहिलं नाही ते आता सांगते. कासला फुलांच्या दिवसांत माणसांची संख्या ठरवून ऑनलाइन नोंदणी करावी लागली, इतकी गर्दी आपणच केली. तीन एकरांच्या राईला दोन रविवारही झेपणार नाहीत. मुलांना घेऊन थंडीत रानात जावं, जरूर जावं. पण आपापल्या आजोळच्या, आपापल्या गावच्या राईत जावं. सातारा-सांगलीत राहणाऱ्या बहुतेकांचं कुठं ना कुठं एखादं वाघजाईचं, म्हसोबाचं, जोगेश्वरीचं रान आहे. गेल्यावर पाटीवर आपलं नाव आहे का, तेवढं पाहून यावं.

परत येताना मुलानं गारंबीची शेंग पिशवीत घातली होती. अण्णांनी ती शांतपणे काढून पुन्हा पाचोळ्यात टाकली. मुलगा रुसला. शेवटी त्याला ऊस तोडून द्यावा लागला.

घरी जेवायला बसलो तर कमिटीचे खजिनदार पावतीपुस्तक घेऊन हजर. दुसरा टप्पा आहे. देवळामागची जागा सपाट करून तिथं भक्तनिवासाच्या दोन खोल्या आणि बाग. मागची जागा म्हणजे तो बुंधा जिथं पडलाय ती. मी म्हटलं, गायरानात बांधत असाल तर दहा हजार देते, आत बांधत असाल तर एक रुपया नाही. त्यांनी पावतीपुस्तक मिटलं, चहा घेतला, आणि अगदी गोडीनं म्हणाले, ‘ताई, सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. तितं ठरंल.’

मतदार यादीत माझं नाव साताऱ्यात आहे. गावच्या ग्रामसभेत मला बसता येईल, हात वर करता येणार नाही. आमच्या घरातनं हात आईचा. परत निघताना मी तिला विचारलं, कुठल्या बाजूनं वर करणार? ती म्हणाली, ‘आधी मला ती दगडाची वाट कशी असती ते दाखीव.’ पुढच्या रविवारी तिला एका जुन्या पायवाटेवर घेऊन जाणार आहे. गुडघ्याला पट्टा बांधून.